अँटेनाचं तोंड

सूड घ्यायचा तर माणसाला निदान जागचं उठावं लागतं. धाकटीला तेवढीही तसदी नव्हती. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप होता, लॅपटॉपवर एक गोल तबकडी होती आणि तबकडीत एक काटा होता. तो काटा तिने इथे बोटाने सरकवला की तिथे, समुद्रापलीकडे, दादाच्या डोंगरावरच्या घरामागे मोटर घुरघुरायची आणि लोखंडी मनोऱ्यावरचा अँटेना मुकाट्याने त्या दिशेला वळायचा.

मनोरा बाबांचा. बाबा हौशी रेडिओवाले. जगभरच्या अनोळखी लोकांशी हवेतून गप्पा मारायच्या आणि शेजारच्याशी मात्र तोंडदेखलं हसायचं, अशा जातीतले. अँटेना दिसायला म्हणजे आडवी टांगलेली ॲल्युमिनियमची शिडी, पण काम विजेरीचं. तोंड जिकडे तिकडे झोत. पाठीकडे थोडासा मिणमिणता उजेड. आणि बाजूला, काटकोनात, मिट्ट काळोख. म्हणून तर त्याला फिरवायला मोटर लागते, तिचं नाव रोटेटर. मनोऱ्यावर चढून ती मोटर बसवली होती धाकटीने, शाळेत असताना. बाबा खालून ओरडून सूचना देत होते आणि दादा शिडी धरून उभा होता. शिडी धरणं हे दादाचं त्या घरातलं कायमचं काम. पाना कुठल्या बाजूने धरतात हे त्याला आजही कोणी विचारू नये.

पुढे धाकटी परदेशी गेली आणि लिफ्टची मेकॅनिक झाली. लोकांना वर-खाली करण्यात तिची उमर गेली. दादा डोंगरावरच राहिला. बाबांना झटका आला तेव्हा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डाव्या हाताने लिहायला जावं तर नुसत्या रेघोट्या. पण मोर्सची कळ मात्र डाव्या हाताने झकास वाजायची. त्यामुळे सगळ्या जगाला मुके झालेले बाबा धाकटीशी मात्र दर रविवारी तासभर बोलत. रोमन अक्षरांत मराठी, एकेक अक्षर वाजवत. शेजारी बसलेल्या दादाला त्यातलं अक्षर कळत नसे. शिकला असता तर महिन्याभरात आलं असतं, पण माणूस दिवसभर ज्याचं सगळं करतो त्याची भाषा शिकायला त्याला वेळ कुठून मिळणार?

मग एका रविवारी बाबांचा आवाज आलाच नाही. धाकटीने फोन केला. डोंगरावर फोन म्हणजे निम्मं ऐकायचं आणि निम्मं समजून घ्यायचं. दादा म्हणाला, "रोटेटर अडकलाय. बाबा बरे आहेत. झोपून असतात. तू नको काळजी करू." तिने नाही केली. तीन आठवडे तिने रविवारी नुसती खरखर ऐकली, रजा मिळाली की जाऊन मोटर उघडू असं ठरवलं, आणि रजा मिळायच्या आत बाबा गेले. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात फक्त औषधांचा वास उरला होता.

त्या 'बाबा बरे आहेत'पायी त्यानंतर वर्षभर भावा-बहिणीत कामापुरतंही बोलणं नव्हतं. मग मनोऱ्यावर वीज पडली, रोटेटर चालवणारा डबा जळला आणि दादाला बहीण आठवली. अडला हरी, दुसरं काय. आता त्याला रेडिओ हवा होता, कारण त्याचा मुलगा, आजोबांच्या हाताखाली तयार झालेला आणि त्यांच्या आजारपणात शिकायला बाहेरगावी असलेला बाळ्या, दूरच्या एका बेटावर हवामान केंद्रात नोकरीला गेला होता. तिथे फोन नाही, काही नाही. आजोबांनी शिकवलेला रेडिओ तेवढा. दादाने कशीबशी परीक्षा देऊन परवाना मिळवला होता, पण अंश आणि दिशा म्हटलं की तो हात टेकायचा. म्हणून धाकटीने फोनच्या तारेवरून हुकूम घेणारा नवा डबा बनवून पाठवला, वहिनीने फोनवर ऐकत ऐकत तारा जोडल्या, आणि तेव्हापासून दर रविवारी धाकटीच आपल्या टेबलावरून अँटेना बेटाकडे वळवून देत असे. दादासाठी नव्हे, भाच्यासाठी.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, ते मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन येईपर्यंत.

"वन्सं, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"वहिनी, असं विचारून सांगितलेल्या गोष्टीवर आजवर कोण रागावलं नाही? सांगा."

"मामंजींच्या शेवटच्या दिवसांत ते रोटेटर बिघडलं नव्हतं."

धाकटीच्या हातात कांदा होता. तो तिने खाली ठेवला.

"ह्यांनी तोंड फिरवून ठेवलं होतं, तुमच्याकडे नव्हे, भलतीकडे, मोकळ्या समुद्राकडे. मामंजींना सांगितलं, तिला वेळ नाही म्हणून."

"का?"

"का म्हणजे..." वहिनी घुटमळली. "आंघोळ घालायची ह्यांनी, कूस बदलायची ह्यांनी, गू-मूत काढायचं ह्यांनी. आणि हसू यायचं ते रविवारी, तुमची टिकटिक ऐकून. ह्यांच्याकडे बघून ते एकदाही हसले नाहीत हो. हे म्हणाले, थोडे दिवस तिच्याशिवाय जाऊ देत, मग माझ्याशी बोलतील."

"वाचा गेलेला माणूस कसा बोलणार होता?"

"मी तेच म्हटलं. तर माझ्यावरच खेकसले."

"मग सेटच बंद करून टाकायचा!"

"केला होता. मामंजींनी पलंगाची कड ठोकून ठोकून हात सोलवटून घेतला. मग परत चालू केला. मामंजी रोज बसायचे कळ वाजवत. तेच वाजवायचे, थांबायचे, परत तेच. सांगते तुम्हाला, ह्यांच्या बोटांतून ते अजून गेलेलं नाही. जेवताना ताटाच्या कडेवर चमच्याने तेच वाजवत बसतात. मी म्हणते, अहो, जेवा. तर विचारतात, मी काय केलं?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोर्सचा नियम तिला बाबांनीच शिकवला होता. पलीकडून पोच येईपर्यंत मजकूर बदलायचा नाही, तोच पुन्हा पाठवायचा. म्हणजे बाबा तीन आठवडे एकच गोष्ट सांगत होते आणि पोच येत नव्हती. आणि ती? ती खरखर ऐकत टोस्ट खात होती.

वहिनीचं बोलणं संपलं नव्हतं. खरं कारण तर पुढेच होतं. "तुमच्याकडे काही मागायचं तर आधी हे सांगायलाच हवं होतं. बाळ्याचा करार संपतोय. सोमवारी बोट येणार. ती त्याला घरी तरी आणेल, नाहीतर पुढच्या बेटावर दोन वर्षांसाठी नेईल. जाताना ह्यांनी त्याला म्हटलं होतं ना, गेलास तर या घराचं दार बंद म्हणून. तो धरून बसलाय. मी सांगून उपयोग नाही, म्हणतो बाबांनी म्हणायला हवं. ह्यांनी रविवारी बोलायचं ठरवलंय. आठवडाभर आरशासमोर तालीम चाललीय. तेवढं रविवारी नीट फिरवा हं, वन्सं. ह्यांना ही एकच संधी आहे."

"फिरवते की," धाकटी म्हणाली. "अगदी नीट फिरवते."

फोन ठेवल्यावर तिने तो कांदा चिरला. इतका बारीक कांदा तिने जन्मात चिरला नव्हता. डोळ्याच्या बदल्यात डोळा, असं लोक म्हणतात. तिला कानाच्या बदल्यात कान हवा होता.

रविवार उजाडला. तिच्याकडे सकाळ होती आणि डोंगरावर दिवेलागण. दादाचा फोन आला.

"फिरवलास का?"

"फिरवते आहे. पाच मिनिटांनी सुरू कर."

"दिशा बरोबर आहे ना? आज जरा महत्त्वाचं आहे."

"दादा, अँटेना कुणी आणि कुठे फिरवला हे ज्याचं त्याला माहीत असतं," ती म्हणाली. टोला इतका सरळ होता की दुसरा कोणी जागच्या जागी हादरला असता. दादा "बरं बरं" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्याच्या घरात तबकडी नव्हती, आणि खिडकीतून मनोऱ्याकडे बघून काही समजण्यातला तो नव्हता. त्याचा तिच्यावर विश्वास होता. बाबांचाही त्याच्यावर होताच की.

शहाण्या शत्रूने काटकोन निवडला असता. बेटाकडे अँटेनाची बाजू केली असती की दादाने गळा फोडून घेतला तरी तिकडे चकार शब्द गेला नसता. धाकटीला हे झोपेतसुद्धा माहीत होतं. पण सुडाचीसुद्धा एक खादाडी असते. नुसतं वाढून तिचं पोट भरेना, तिला जेवणारा बघायचा होता. दादा हाका मारील, उत्तर येणार नाही, मग तो आणखी हाका मारील, ते तिला कानांनी ऐकायचं होतं. आणि डोंगरावरून बघितलं तर बेट एका बाजूला आणि तिचं गाव बरोब्बर विरुद्ध बाजूला. तिने काटा सरकवला तो थेट स्वतःवर आणला. बेटाकडे अँटेनाची पाठ झाली. गॅलरीत ताणलेल्या तारेला जोडलेला आपला सेट तिने लावला, हेडफोन घातले आणि चहाचा कप पुढ्यात ओढला.

दादाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. आधी नियमाप्रमाणे आपलं सांकेतिक नाव, मग बाळ्याचं. मग, "बाळ्या, ऐकू येतंय का? ओव्हर."

खरखर.

"बाळ्या, मी बाबा बोलतोय. ओव्हर."

खरखर.

धाकटीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. बाबा गेल्यापासून छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी हळूच सरकवत होतं. सहाव्या हाकेला दादाचा आवाज बसला. नवव्या हाकेनंतर बटणावरचा अंगठा काढायला तो विसरला आणि वहिनीशी बोलला तेही धाकटीच्या कानात आलं. "मुद्दाम उत्तर देत नाहीये तो. बरोबर आहे त्याचं. मी बोललोच तसं." मग नाक ओढल्याचा आवाज.

धाकटीने चहाचा घोट घेतला. आता कळलं ना, असं ती मनात म्हणाली. म्हणाली खरी, पण घोट म्हणावा तसा गोड लागला नाही.

तेवढ्यात खरखरीच्या तळातून कोणीतरी बोललं. आवाज थरथरत होता, प्रत्येक शब्दामागे त्याचीच सावली होती. "बाबा... ऐकतोय मी. आज तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय? ओव्हर."

धाकटीला ठसका लागला. चहा लॅपटॉपवर सांडता सांडता राहिला.

पृथ्वी गोल आहे! लहानपणी बाबांनी तिला संत्र्यावर पेनने रेघ काढून दाखवली होती. इथून तिथे जायला दोन वाटा असतात. एक जवळची, एक उलट्या बाजूने संबंध संत्र्याला वळसा घालून जाणारी. दिवस-रात्र एकमेकांना शिवतात त्या वेळी ती लांबची वाट थोडा वेळ उघडते. पाठ केलीस तरी आवाज पोचायचा तिथे पोचतो, असं बाबा म्हणायचे. नेमक्या दिवेलागणीला, नेमक्या उलट दिशेला तोंड करून, तिने दादाचा आवाज आपल्या डोक्यावरून अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून बाळ्याच्या कानात नेऊन सोडला होता. तिच्या जागी एखादा अडाणी असता तर त्याने अंदाजाने कुठेतरी भलतीकडे फिरवला असता आणि सूड पुरा झाला असता. तिने मोजूनमापून फिरवला आणि आपल्या हाताने दार उघडून दिलं.

असो. अजून सगळं गेलं नव्हतं. ही वाट फार टिकत नाही हे तिला माहीत होतं. आवाज आताच वर-खाली होत होता. आणि दादाला जन्मापासून मुद्द्यावर यायला उशीर लागतो.

"बाळ्या! जेवलास का? ओव्हर."

"जेवलो. ओव्हर."

"तब्येत बरी आहे ना? इथे सगळं ठीक. कुंपणाचा खांब पडला होता, तो नवा लावला. तिकडे हवा काय म्हणते? ओव्हर."

हवामान केंद्रात बसलेल्या मुलाला, एवढा मोठा वळसा घालून गेलेल्या आवाजात, हवा काय म्हणते! बाळ्याने बिचाऱ्याने वाऱ्याचा वेग सांगितला. त्यातला निम्मा खरखरीने खाल्ला. दादाने कुंपणाच्या दुसऱ्या खांबाची हकीकत सुरू केली.

धाकटीने नुसतं बसून राहायचं होतं. हातसुद्धा मळले नसते. आणखी दोन-तीन मिनिटं हा खांबच रोवत बसला असता, वाट मिटली असती, उद्या बोट आली असती आणि सूड आपोआप पिकून पदरात पडला असता. पण सुडाहून जुनी एक गोष्ट तिच्या अंगात होती. दादाचा पाल्हाळ तिला पाळण्यात असल्यापासून सहन होत नसे. आणि बाळ्याचा आवाज खरखरीत बुडत होता. दादाने दम घ्यायला बटण सोडलं आणि तिचा अंगठा आपल्या बटणावर कधी गेला ते तिलाही कळलं नाही. आधी आपलं सांकेतिक नाव सांगायचं असतं, तेही राहिलं.

"दादा, खड्ड्यात घाल तो खांब! मुद्द्याचं बोल, वाट बंद होतेय!"

खरखर.

"आत्या?" बाळ्याचा आवाज.

आणि मग आरशासमोर आठवडाभर केलेली तालीम वगैरे सगळं बाजूला ठेवून दादा एका दमात बोलला. "बाळ्या, घरी ये. मी बोललो ते चुकलं. दार बंद नाही. कधीच नव्हतं. ये."

खरखर. मग फार लांबून, तुकड्या-तुकड्यांनी, "...उद्या बोटीत... आईला सांगा... येतो..." आणि लांबची वाट मिटली.

दादा रडत होता. वहिनीही मागे रडत होती. धाकटीचेही डोळे भरले, त्याचा तिला भयंकर राग आला. मग दादाचा आवाज पुन्हा आला, सावध.

"धाकटे, तुला मी इतका स्वच्छ कसा ऐकू येतोय? अँटेना... तुझ्याकडे आहे का?"

"हो."

"बेटाकडे नव्हताच?"

"नव्हता."

अंशांतलं काही न कळणाऱ्या माणसाला हे एवढं मात्र लख्ख कळलं. "कुणी सांगितलं तुला?" त्याने विचारलं.

"कुणी का सांगेना. बाबा काय वाजवत होते?"

"मला ती भाषा येत नाही, तुला माहीत आहे."

"भाषा नको. चमचा घे. जेवताना वाजवतोस ते वाजव."

"मी कुठे काही..."

"चमचा घे, दादा."

भांड्यांची खळखळ झाली. मग टेबलाच्या कडेवर चमचा वाजू लागला, आखूड ठोक्याला टेकत, लांब ठोक्याला घासत. सुरुवातीला अडखळत, मग आपोआप, बोटांनी स्वतःच आठवल्यासारखा. डाऽ डि डि. डि डाऽ. डाऽ डि डि. डि डाऽ.

चार अक्षरं. डी, ए, डी, ए. दादा.

चमचा पुढे वाजत राहिला. बाबांच्या हाताची लकबही त्यात उतरली होती, तेच लांबलेले ठोके, तेच शब्दांमधले अंतर. दादाला सांग. खूप केलंस. मग पोच यावी म्हणून थांबायचं तेवढा वेळ चमचा थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून. दादाला सांग. खूप केलंस.

आपल्या मुलाशी बोलायला बाबांकडे एकच रस्ता होता. घरातून निघून समुद्रापलीकडच्या मुलीकडे, आणि तिच्या तोंडून परत घरात, पलंगाशेजारच्या खुर्चीपर्यंत. तो रस्ता दादाने आपल्या हाताने समुद्रात वळवला होता. तीन आठवडे बाप त्याच्या कानाशी त्याचंच नाव वाजवत होता आणि तो खुर्चीत बसून कुढत होता, की ह्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द नाही.

चमचा थांबला.

"कळलं का काही?" दादाने विचारलं. "तुलाच बोलवत होते ना? काय म्हणत होते बाबा?"

धाकटीने तोंड उघडलं. चार शब्द तर होते. ती म्हणाली असती तर पन्नाशी उलटलेला तो माणूस तिथेच ढसाढसा रडला असता, आणि मग मोकळा झाला असता. तिला कीव आली. खरंच आली. पण तिला टोस्ट आठवला, खरखर आठवली, आणि पलंगाच्या कडेवर सोलवटलेला तो डावा हात आठवला, जो तिने बघितला नव्हता आणि आता कधी बघायला मिळणार नव्हता. मुलगा दिला ना त्याला परत? पुरे झालं. हे चार शब्द तिचे होते. निदान आज तरी तिचे होते.

तिने काट्यावर बोट ठेवलं आणि काटा सरकवला. या वेळी शहाण्यासारखा, काटकोनात.

तिकडे मोटर घुरघुरली असणार. हेडफोनमध्ये दादाचा आवाज पातळ होत गेला. "धाकटे? काय म्हणत होते? सांग ना. धाकटे, ऐकतेस ना? काय म्हणत..." मग नुसती खरखर राहिली.

तिने हेडफोन काढले, सेट बंद केला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. कप धुवायला ती उठली तेव्हा फोन वाजू लागला. तिने घेतला नाही. तो वाजून थांबला, आणि थोड्या वेळाने परत पहिल्यापासून वाजू लागला.